गोव्याच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक: टेबलाचे नियम, पानांचे निर्णय आणि बेटची रक्कम

कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की मित्रांबरोबर ते पहिल्यांदाच पणजीच्या बोटीवरील कॅसिनोत जाणार आहेत, तेथे ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ खेळायची त्यांची इच्छा आहे, तर या खेळाचे नियम नेमके काय, बेट म्हणजे पणाला लावायची रक्कम किती आणि कशी लावावी, डीलरला ब्लॅकजॅक येईल यावरची वेगळी बेट, जिला विमा म्हणतात, ती घ्यावी का, आणि हरलेल्या प्रत्येक हातानंतर, म्हणजे डावानंतर, बेट दुप्पट करत गेल्यास शेवटी पैसे परत मिळतातच असे जे सांगितले जाते त्यात तथ्य किती. मांडवी नदीवरील बोटींवर मी आधी डीलर, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पाने वाटणारा, म्हणून आणि पुढे टेबलांवर देखरेख करणारा म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधी सांगतो: नवखा खेळाडू सगळा विचार बेटच्या रकमेवर खर्च करतो, आणि ज्या दोन गोष्टींनी त्याचा तोटा खरोखर कमी होऊ शकतो, म्हणजे टेबलाची निवड आणि प्रत्येक हातातील निर्णय, त्यांच्याकडे त्याचे लक्ष नसते.

प्रवेशाचे थोडक्यात सांगतो. गोव्यातील कॅसिनोंना आधार आहे तो 1976 च्या जुगारविषयक कायद्यात पुढे केलेल्या दुरुस्त्यांचा. त्या दुरुस्त्यांनुसार पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, आणि पाण्यावरील बोटींवर टेबलावरच्या खेळांनाही परवानगी मिळाली. त्यामुळे हाताने पाने वाटणाऱ्या डीलरसमोर बसून ब्लॅकजॅक खेळायचे असेल तर पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने मांडवीतील मोठ्या बोटीवर जावे लागते. वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि ओळखपत्र दाखवावे लागते. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळण्यासाठी प्रवेश बंद आहे, तेव्हा आपल्या मित्रमंडळींत कोणी गोव्याचे रहिवासी असतील तर त्यांना सोबत नेण्याचा बेत आखू नये.

आता खेळ. टेबलावर कितीही खेळाडू असले तरी प्रत्येकाचा सामना फक्त डीलरशी असतो. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांची किंमत त्यांच्यावरील अंकाइतकी, गुलाम, राणी आणि राजा यांची प्रत्येकी 10, आणि एक्क्याची 1 किंवा 11, जी सोयीची असेल ती. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांना मूळ खेळात काहीही महत्त्व नाही. बेट लावून झाल्यावर प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि डीलरचे एक पान उघडे दिसते. आपली बेरीज 21 च्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायची, किंवा डीलर 21 च्या पुढे जाऊन बाद होईपर्यंत टिकून राहायचे. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचे पान आले तर तो ब्लॅकजॅक, आणि त्याला जास्त दराने पैसे मिळतात. बेरीज सारखी झाली तर बेट जशीच्या तशी परत मिळते. डीलरला निवड करण्याचा अधिकार नसतो: 16 पर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे आणि 17 झाले की थांबलेच पाहिजे (काही टेबलांवरचा एक अपवाद पुढे येईल). खेळाडूला मात्र पान घेता येते, थांबता येते, बेट दुप्पट करून नेमके एकच पान घेता येते, आणि सारख्या दोन पानांचे दोन वेगळे हात करता येतात, ज्याला जोडी फोडणे म्हणतात.

डीलरला इतके बांधून ठेवलेले असूनही कॅसिनो जिंकतो, याचे कारण खेळण्याच्या क्रमात आहे. खेळाडू आधी खेळतो आणि 21 च्या पुढे गेला की त्याची बेट तिथल्या तिथे उचलली जाते. त्यानंतर डीलरही बाद झाला तरी ती परत मिळत नाही. डीलरच्याच नियमाने खेळणारा माणूस साधारण 28 टक्के वेळा बाद होतो, डीलरही तितक्याच वेळा होतो, म्हणजे दोघेही बाद होण्याची वेळ सुमारे 8 टक्के येते आणि त्या प्रत्येक वेळी पैसे कॅसिनोकडे जातात. ब्लॅकजॅकवर मिळणाऱ्या जादा पैशांतून त्यातले सव्वादोन टक्के परत येतात, तरीही बेटच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास तोटा उरतो. ‘डीलर करतो तेच आपण करावे’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो. उलट टोकाला जाऊन ‘बाद होण्याचा धोका कधीच घ्यायचा नाही’ असे ठरवणारा खेळाडूही जवळपास 4 टक्के गमावतो. योग्य निर्णय घेणाऱ्याचा तोटा चांगल्या टेबलावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. हा फरक केवळ निर्णयांचा आहे.

त्या आधी टेबल निवडावे लागते, आणि त्यासाठी बसण्यापूर्वी दोन मिनिटे उभे राहून टेबलावरील कापडावर छापलेला मजकूर आणि बाजूची पाटी वाचावी. पाटीवर किमान आणि कमाल बेट असते. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला किमान रक्कम वाढलेली असू शकते. पण रकमेपेक्षा महत्त्वाचा असतो ब्लॅकजॅकचा दर. 3 ला 2 असा दर असेल तर 1,000 रुपयांच्या बेटवर 1,500 मिळतात, 6 ला 5 असेल तर 1,200. पत्त्यांचे सहा कॅट वापरले जात असतील तर दर 21 हातांमागे साधारण एकदा ब्लॅकजॅक येतो, आणि प्रत्येक वेळी ते 300 रुपये कमी मिळाल्याने कॅसिनोचा वाटा, म्हणजे प्रत्येक बेटमधून त्याला सरासरी मिळणारा भाग, सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे इतर सर्व काळजी घेऊन तोटा अर्ध्या टक्क्यावर आणलेला खेळाडू या एका ओळीमुळे जवळपास चौपट गमावू लागतो. 6 ला 5 च्या टेबलावर किमान बेट कमी असली तरी बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी ओळ पाहायची ती ‘सॉफ्ट 17’ ची. एक्का आणि छक्की अशा हातात एक्का 11 धरला तर 17 होतात, आणि पुढचे पान कितीही मोठे आले तरी एक्का 1 धरून हात वाचतो. अशा हाताला सॉफ्ट म्हणतात. अशा 17 वर डीलर थांबत असेल तर खेळाडूच्या फायद्याचे, पान घेत असेल तर कॅसिनोचा वाटा सुमारे 0.2 टक्क्यांनी वाढतो. जोडी फोडल्यानंतर बेट दुप्पट करता येते का, आणि अर्धी बेट देऊन हात सोडता येतो का, हेही डीलरला विचारावे. हे प्रश्न रोजचेच असतात आणि विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

एक बाब मात्र नवख्यांच्या लक्षात येत नाही. काही टेबलांवर डीलर दुसरे पान सुरुवातीलाच पालथे घेतो आणि एक्का किंवा दश्शी दिसत असल्यास ब्लॅकजॅक आहे का ते आधी तपासतो. काही ठिकाणी तो दुसरे पान सर्व खेळाडूंचे खेळून झाल्यावरच घेतो. दुसऱ्या प्रकारात आपण बेट दुप्पट केली किंवा जोडी फोडली आणि शेवटी डीलरचा ब्लॅकजॅक निघाला, तर वाढवलेली बेटही जाऊ शकते. तेव्हा ‘डीलरला ब्लॅकजॅक आला तर फक्त मूळ बेट घेता की सगळी?’ असे विचारून घ्यावे. उत्तर ‘सगळी’ असे असेल तर डीलरच्या दहाच्या पानासमोर किंवा एक्क्यासमोर बेट वाढवण्याचे जवळपास सर्व निर्णय टाळावेत: 11 असताना पान घ्यावे, दुप्पट करू नये, अठ्ठ्यांची जोडीही तेथे फोडू नये.

हाताचे निर्णय हा या खेळाचा गाभा आहे. प्रत्येक बेरजेसाठी डीलरच्या प्रत्येक उघड्या पानासमोर काय करावे याचे उत्तर गणिताने निघते. अमेरिकन सैन्यातील चार तरुणांनी साध्या आकडेमोड यंत्रांवर ते काढून 1956 साली संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि नंतर संगणकांनी त्यात फार थोडी सुधारणा केली. यामागचा विचार समजला तर या उत्तरांचा तक्ता पाठ करणे सोपे जाते. डीलरचे उघडे पान 2 ते 6 असेल तर तो बाद होण्याची शक्यता मोठी असते. 5 किंवा 6 असताना ती 42 टक्क्यांच्या आसपास जाते. सत्ती दिसली की ती एकदम 26 टक्क्यांवर येते आणि पुढे आणखी घटते. म्हणून आपली बेरीज 13 ते 16 असताना डीलरच्या 2 ते 6 समोर थांबावे आणि 7 किंवा त्याहून मोठ्या पानासमोर पान घ्यावे. 12 असताना फक्त 4, 5 आणि 6 समोर थांबावे. दुर्री आणि तिर्रीसमोर पान घ्यावे, कारण 12 वर बाद करणारे पान फक्त दहाच्या किमतीचे असते आणि ते येण्याची शक्यता 31 टक्केच असते. हार्ड 17 आणि त्यापुढे, म्हणजे एक्का 11 धरलेला नसताना, नेहमी थांबावे.

सगळ्यांना जड जाणारा हात म्हणजे 16, समोर सत्ती. येथे पान घेतल्यास बाद होण्याची शक्यता 62 टक्के असल्याने बहुतेक जण थांबतात. पण थांबल्यास डीलर बाद झाला तरच आपण जिंकतो, आणि तो चारांत तीन वेळा बाद होत नाही. दर 100 रुपयांमागे थांबणाऱ्याचा सरासरी तोटा सुमारे 48 रुपये होतो, पान घेणाऱ्याचा सुमारे 41. दोन्ही मार्ग तोट्याचेच आहेत, पण रात्रभरात असे हात वारंवार येतात आणि त्यांतला हा 7 रुपयांचा फरक साठत जातो. समोर दहाचे पान असेल तर 16 वर थांबले काय आणि पान घेतले काय, तोटा 54 रुपयांच्या आसपासच असतो. तेथे अर्धी बेट देऊन हात सोडण्याची सोय असेल तर ती घ्यावी, कारण 50 रुपयांत सुटका होते.

बेट दुप्पट करण्याची संधी मात्र भीतीपोटी सोडू नये. 11 असताना डीलरच्या 2 ते 10 समोर, 10 असताना 2 ते 9 समोर आणि 9 असताना 3 ते 6 समोर दुप्पट करावी. दुसरे पान शेवटी घेणाऱ्या टेबलाचा वर सांगितलेला अपवाद येथे लागू होतो. याच हातांत खेळाडूचा हात वर असतो, आणि जास्त पैसे लावण्याची खेळातील योग्य जागा हीच. सॉफ्ट 17 वर कधीही थांबू नये. सॉफ्ट 18 वर डीलरची नव्वी, दहाचे पान किंवा एक्का असेल तर पान घ्यावे. हा निर्णय चुकताना मी टेबलावर सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे, कारण 18 ही बेरीज डोळ्यांना पुरेशी वाटते. जोड्यांपैकी एक्के आणि अठ्ठ्या फोडाव्यात. 16 ही सर्वांत वाईट बेरीज आहे आणि दोन वेगळ्या अठ्ठ्या तिच्यापेक्षा बऱ्या. दहाच्या पानांची जोडी कधीही फोडू नये, कारण 20 हा जवळपास जिंकलेला हात असतो, आणि पंज्यांची जोडी म्हणजे 10 समजून खेळावे. नव्व्या डीलरच्या 7, 10 आणि एक्का सोडून इतर पानांसमोर फोडाव्यात. दुर्री, तिर्री आणि सत्तीच्या जोड्या डीलरच्या 2 ते 7 समोर फोडाव्यात. मात्र फोडल्यानंतर दुप्पट करण्याची मुभा नसेल तर दुर्री आणि तिर्रीच्या बाबतीत 4 ते 7 समोरच फोडाव्यात. हा तक्ता कागदावर लिहून न्यावा आणि टेबलाजवळ ठेवण्याची परवानगी विचारावी. मोबाइल मात्र खेळताना हातात धरू देत नाहीत.

विम्याचे उत्तर छोटे आहे: घेऊ नये. डीलरचा एक्का दिसला की तो बेटच्या निम्म्या रकमेचा विमा देऊ करतो आणि दुसरे पान दहाचे निघाले तर दुप्पट पैसे देतो. हा सौदा बरोबरीचा होण्यासाठी दहाचे पान तीनांत एकदा यायला हवे. सहा कॅटांत डीलरचा एक्का बाजूला काढला की 311 पाने उरतात आणि त्यांत दहाच्या किमतीची 96 असतात, म्हणजे 31 टक्क्यांहून किंचित कमी. प्रत्येक 100 रुपयांच्या विम्यावर 7 रुपयांहून अधिक तोटा होतो, आणि आपला हात कितीही चांगला असला तरी त्यात फरक पडत नाही. आपल्याला ब्लॅकजॅक असताना ‘इव्हन मनी’ म्हणून, म्हणजे बेटएवढेच पैसे लगेच घेता का असे, जे विचारतात तो हाच विमा वेगळ्या नावाने आलेला असतो. जोडी येईल किंवा तीन पानांचा विशिष्ट मेळ जमेल यावर लावण्याच्या छोट्या बाजूच्या बेटही टाळाव्यात. सहा कॅटांत पहिल्या दोन पानांची जोडी येण्याची शक्यता 7.4 टक्के असते. जाहिरातीतील मोठे दर त्या दुर्मीळतेपुढे अपुरे पडतात आणि या बेटवरील तोटा मूळ खेळाच्या कितीतरी पट असतो.

आता दुप्पट करत जाण्याच्या पद्धतीबद्दल. किमान बेट 1,000 आणि कमाल 50,000 असलेले टेबल धरू. 1,000 पासून सुरुवात करून सलग सहा हात हरल्यास 1,000, 2,000, 4,000, 8,000, 16,000 आणि 32,000 मिळून 63,000 रुपये गेलेले असतात, आणि सातवी बेट 64,000 ची हवी, जी टेबल घेत नाही. बरोबरीचे हात वगळता खेळाडू साधारण 53 ते 54 टक्के हात हरतो, त्यामुळे प्रत्येक नव्या सुरुवातीला सलग सहा हरण्याची शक्यता सुमारे 43 मध्ये एक असते. ऐकायला ती लहान वाटते, पण तीन तासांत 180 च्या आसपास हात होतात आणि त्यांत अशा सत्तरहून अधिक सुरुवाती होतात. म्हणजे त्या रात्री ही वेळ येण्याची शक्यता न येण्यापेक्षा बरीच जास्त. 1,000 रुपये मिळवण्यासाठी 63,000 पणाला लावलेले असतात आणि कॅसिनोच्या वाट्यात मात्र तसूभरही फरक पडत नाही. जिंकल्यावर वाढवण्याच्या, ठरावीक क्रमाने चढवण्या-उतरवण्याच्या पद्धतींचेही तेच. आधीच्या हाताचा निकाल पुढच्या हाताला ठाऊक नसतो. शेवटच्या खुर्चीवरील माणसाने चुकीचे पान घेतले म्हणून सगळे हरले, असे म्हणत होणारी भांडणेही निराधार आहेत. त्याच्या चुकीने जितक्या वेळा इतरांचे नुकसान होते तितक्याच वेळा फायदाही होतो, फक्त फायदा कोणी लक्षात ठेवत नाही.

मग बेट किती असावी? सारखीच ठेवावी, आणि ती ठरवताना सरासरी तोट्यापेक्षा चढउतार लक्षात घ्यावा. चांगल्या टेबलावर नीट खेळल्यास 180 हातांत सरासरी तोटा साधारण एका बेटएवढाच असतो, पण नेहमीचा चढउतार 15 बेटचा असतो आणि 30 बेटचे नुकसानही अघटित म्हणता येत नाही. 500 रुपयांच्या बेटने खेळायचे असेल तर रात्रीसाठी 15 ते 20 हजार बाजूला काढलेले असावेत, आणि ते सगळे गेले तरी घरखर्चाला, हप्त्याला किंवा परतीच्या प्रवासाला धक्का लागणार नाही असे असावेत. तेवढी सोय नसेल तर बेट कमी करावी, आणि किमान बेटच परवडत नसेल तर बसू नये. ते पैसे संपल्यावर मित्राकडून घेऊन पुढे खेळणे हे मी बोटीवर पाहिलेले सर्वांत दुःखद दृश्य आहे. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवणाबरोबर मद्यही असते. खेळून झाल्यावर ते घ्यावे, कारण वरचा तक्ता दुसऱ्या पेल्यानंतर पाळला जात नाही.

कराचा हिशोब तर खेळाच्या हिशोबापेक्षा मोठा आहे. ऑक्टोबर 2023 पासून चिपा, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला आहे. जिंकलेल्या चिपा न वटवता तशाच पुढे खेळल्या तर त्यांवर पुन्हा कर नाही. पण न वापरलेल्या चिपा परत केल्या तरी भरलेल्या रकमेवरील कर कमी होत नाही. म्हणून चिपा एकदम मोठ्या रकमेच्या घेऊ नयेत, लागतील तशा घ्याव्यात, आणि मध्येच वटवून पुन्हा विकत घेण्याचा प्रकार टाळावा. हा कर पॅकेजच्या किमतीत धरलेला आहे की वेगळा लावला जातो आणि हातात प्रत्यक्ष किती रुपयांच्या चिपा येतात, हे प्रवेशाच्या काउंटरवरच विचारून घ्यावे. जिंकलेल्या रकमेवर आयकर 30 टक्के आणि त्यावर उपकर लागतो, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. या दोन करांपुढे अर्ध्या टक्क्याचा हिशोब फिका पडतो, आणि त्यामुळेच येथे ब्लॅकजॅक हे कमाईचे साधन होऊ शकत नाही, असे मी प्रत्येकाला सांगतो. पाने मोजण्याची, म्हणजे वाटून झालेल्या पानांचा हिशोब ठेवून बेट ठरवण्याची, विद्या खरी आहे, एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने ती 1962 मध्ये जगापुढे मांडली. पण पाने सतत पिसणारे यंत्र असलेल्या टेबलावर तिचा उपयोग नाही.

टेबलावरील वागणुकीचे थोडे नियम पाळावेत. नोटा डीलरच्या हातात न देता टेबलावर ठेवाव्यात. पहिले पान पडल्यावर बेटला हात लावू नये आणि उघड्या वाटलेल्या पानांना स्पर्श करू नये. निर्णय बोलून नव्हे तर हाताने दाखवावा, कारण वरच्या कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही आणि वाद झाल्यास तेच चित्रण पाहिले जाते: पान हवे असल्यास बोटाने टेबलावर टिचकी, थांबायचे असल्यास तळहात पालथा धरून आडवा हलवायचा. दुप्पट करताना किंवा जोडी फोडताना नव्या चिपा पहिल्या चिपांवर न रचता शेजारी ठेवाव्यात आणि एक किंवा दोन बोटे दाखवावीत. पैसे चुकीचे मिळाले असे वाटले तर पाने उचलली जाण्यापूर्वीच सांगावे. डीलर लगेच देखरेख करणाऱ्याला बोलावतो आणि पाने टेबलावर असेपर्यंत चूक दुरुस्त होणे सोपे असते.